चेहऱ्यावरची सावली

यंदाच्या जत्रेच्या दिवसांत आमच्या देवळाच्या अग्रशाळेत एका भिंतीवर चाळीसएक छायाचित्रे लावली होती. छायाचित्रणावर नुकताच कोठे हात बसू लागलेल्या गावातील सात-आठ मुलामुलींनी, देवळाशी आयुष्यभर निगडित असलेल्या वृद्ध माणसांची ही व्यक्तिचित्रे टिपली होती. महाजन, पुजारी, चौघडेवाले, पालखीला खांदा देणारे, समाराधनेचा स्वयंपाक करणारे, दाराशी फुले विकणाऱ्या बाया, अशी ती मंडळी. कल्पना स्तुत्य होती आणि भिंतीपुढे गर्दीही चांगली होती. त्या गर्दीत फुलेवाल्यांपैकी सर्वांत वयस्क बाई स्वतःच्याच छायाचित्रापुढे उभी असलेली मी पाहिली. ती बराच वेळ पाहत राहिली, मग शेजारणीकडे वळून म्हणाली, ‘‘ही हांव न्हय.’’ आणि आपली टोपली सावरीत ती पुन्हा दाराकडे निघून गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चित्रातला चेहरा तिचाच होता, कुंकू तिचेच होते, केसांत माळलेली अबोलीची फातीही तिचीच होती. तरी तिने स्वतःला ओळखले नाही. त्या भिंतीवरील बहुतेक चित्रांविषयी कोणाही प्रामाणिक समीक्षकास हेच म्हणावे लागेल. तसे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नवशिक्यांच्या कामाची चिकित्सा करू नये, पाठीवर शाबासकीची थाप द्यावी आणि पुढे जावे, अशी आपल्याकडे एक रीत आहे. तीत माया असते हे खरे, परंतु त्या मायेने कोणाचे चित्र सुधारत नाही. शिवाय व्यक्तिचित्राची गोष्ट निराळी आहे. निसर्गदृश्य बिघडले तर तो डोंगर दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो. ऐंशी वर्षांच्या माणसाचे चित्र बिघडले, तर ती संधी पुन्हा येईलच असे नाही. आणि आपल्या घरांत असले चित्र अखेर कोठे जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यावर चंदनाचा हार चढतो आणि पुढच्या दोन पिढ्यांना ते माणूस त्या चित्राखेरीज अन्य कोठेही भेटत नाही.

माझ्या आईचे आमच्याकडे एकच छायाचित्र आहे. ओळखपत्रासाठी म्हणून ते काढले होते. ती गेल्यावर शहरातील एका स्टुडिओतून आम्ही तेच मोठे करून घेतले. समोरून एकदम पडलेल्या दिव्याने तिचे कपाळ आणि नाक यांचा एकच पांढरा पट्टा करून टाकला आहे. हसताना तिच्या उजव्या गालावर खळी पडे, ती त्यात नाही. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या होत्या, त्याही नाहीत. तीस वर्षे ते चित्र भिंतीवर आहे. माझ्या मुलांना आजी म्हणून तो पांढरा पट्टाच माहीत आहे. म्हणून या विषयाकडे केवळ हौसेचा विषय म्हणून पाहणे मला जमत नाही.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळू.

या संग्रहातील दोषांचे दोन मोठे गट पडतात, एक प्रकाशाचा आणि दुसरा मांडणीचा. प्रकाशाचा आधी घेतो, कारण तो अधिक मूलगामी आहे. चाळीसपैकी निदान बारा चित्रे भर दुपारी देवळाच्या प्राकारात काढलेली आहेत. त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. ऊन भरपूर, तेव्हा चित्र स्वच्छ येईल, असे मुलांना वाटले. चित्र स्वच्छ आले, पण माणूस हरवला. सूर्य माथ्यावर असला म्हणजे भुवयांच्या खाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे तयार होतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. त्यात उन्हाने डोळे मिचकावलेले. एका आदरणीय महाजनांचे मुख या उन्हात असे काही दिसते, की गृहस्थ कोणावर तरी संतापले आहेत असा समज व्हावा. त्यांच्याइतका शांत स्वभावाचा माणूस आमच्या गावात दुसरा नाही.

दुसरी दहा-बारा चित्रे सभामंडपात मोबाइलचा फ्लॅश लावून काढलेली आहेत. फुलेवालीचे चित्र यांपैकीच. येथे दोष नेमका उलटा आहे. दुपारच्या उन्हाने नको तेथे सावल्या टाकल्या, फ्लॅशने हव्या त्याही सावल्या पुसून टाकल्या. याचे कारण साधे आहे. मोबाइलचा दिवा लेन्सच्या अगदी शेजारी असतो. जेथून आपण पाहतो तेथूनच प्रकाश गेला, तर प्रत्येक उंचवट्याची सावली त्या उंचवट्याच्याच आड लपते. लेन्सला ती दिसत नाही. नाक पुढे आहे, गाल मागे आहे, डोळा खोल आहे, हे सपाट चित्रात आपल्याला कळते ते उजेड आणि सावली यांच्या चढउतारांवरून. तो चढउतार गेला की चेहरा कागदासारखा सपाट होतो. त्या बाईने ऊन-पावसात काढलेली साठ वर्षे तिच्या गालांवर आणि कपाळावर आहेत. फ्लॅशने ती एका क्षणात धुऊन टाकली. मग तिने स्वतःला ओळखावे तरी कसे?

चेहऱ्याला सावली हवी, हे म्हणणे नवशिक्याला प्रथम चमत्कारिक वाटते. सावली म्हणजे उणीव, सावली म्हणजे डाग, अशी त्याची समजूत असते. पण आपण देवळात जाणारी माणसे आहोत. आपल्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागू नये. गर्भकुडीत काळ्या पाषाणाची मूर्ती असते आणि बाजूला समया तेवत असतात. तो मंद उजेड एका अंगाने मुखावर येतो, म्हणून ओठांची रेषा, हनुवटीची गोलाई, पापण्यांचा भार हे सारे आपल्याला दुरून दिसते. आरतीच्या वेळी दिवा फिरू लागला की त्या मुखावरचा उजेडही फिरतो, आणि पाषाण तोच असूनही भाव पालटल्यासारखा वाटतो. लहानपणापासून शेकडो वेळा हे आपण पाहिले आहे. प्रकाशाची दिशा बदलली की चेहरा बदलतो, हा व्यक्तिचित्रणाचा पहिला धडा त्या आरतीत आहे. मुलांनी तो पाहिला होता, परंतु हातात मोबाइल आला तेव्हा त्यांना तो आठवला नाही.

पाश्चात्त्य चित्रकलेत हीच गोष्ट रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या (१६०६–१६६९) नावाने ओळखली जाते. प्रकाश चेहऱ्याच्या एका बाजूने, थोडा पुढून आणि थोडा वरून आला, म्हणजे नाकाची सावली दूरच्या गालावरील सावलीला जाऊन मिळते आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरतो. त्याच्या अनेक व्यक्तिचित्रांत हा प्रकार दिसतो, म्हणून छायाचित्रकार या प्रकाशयोजनेला त्याचेच नाव देतात. यासाठी उंची दिवे लागत नाहीत. माणसाला खिडकीपाशी बसवावे, चेहरा हळूहळू खिडकीकडून आत वळवावयास सांगावा आणि तो त्रिकोण केव्हा उमटतो ते डोळ्यांनी पाहावे. पाहणे हीच खरी मेहनत आहे. छायाचित्र टिपणे हे त्यानंतरचे काम.

प्रकाश कोठून येतो याइतकेच तो केवढ्या उगमातून येतो याला महत्त्व आहे. सूर्य प्रचंड असला तरी इतका दूर आहे, की आकाशात तो लहानशा टिकलीएवढाच दिसतो. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी कडक पडते. ढगांनी भरलेले आकाश मात्र स्वतःच एक विशाल दिवा होते आणि त्याची सावली मऊ, कडा विरघळलेली अशी असते. जवळच्या मोठ्या खिडकीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओंत उत्तरेच्या अंगाला काचेचे छप्पर किंवा मोठी काच ठेवीत आणि पडदे ओढून उजेड कमीअधिक करीत, ते याचसाठी. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा उजेड येतो. त्या काळी चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू देत. इतक्या अडचणींतून काढलेली ती चित्रे आजही पाहत राहावीशी वाटतात, याचे श्रेय मोठ्या अंशी त्या उजेडाला आहे.

आपल्या मराठी वस्तीच्या शहरांशी संबंध असलेले या विद्येतील मोठे नाव म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). रुडकीला शिकून ते इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रणाचा नाद त्यांना तेथेच, नोकरी सांभाळून लागला. होळकरांच्या राजधानीत हौस म्हणून सुरू झालेल्या या कामाने पुढे त्यांना सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराच्या पदापर्यंत नेले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईकडे सोपवला. या शेवटच्या गोष्टीत नवशिक्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. समोरच्या माणसास संकोच वाटला तर उत्तम उजेडही व्यर्थ जातो, हे त्या व्यवस्थेवरून कळते. आमच्या संग्रहातील कित्येक वृद्धा चित्रात अवघडलेल्या दिसतात. चारचौघांत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत त्यांना उभे केले होते, हे त्यांच्या आवळलेल्या ओठांवरून समजते.

काचेचा स्टुडिओ कोठून आणावा, असे कोणी विचारील. गोमंतकातील जुन्या घरात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. राजांगण हा सहज लाभलेला स्टुडिओच आहे. मध्ये उघडे आकाश, भोवती छपराखालची ओसरी. ओसरीत कडेपासून एक-दोन हात आत माणसाला बसवावे, तोंड अंगणाच्या दिशेने किंचित तिरके ठेवावे. उजेड मोठा आणि मऊ मिळतो, आणि पाठीमागचा भाग आपोआप अंधारात जातो. काही घरांत अजून शिंपल्यांची तावदाने असलेल्या खिडक्या शिल्लक आहेत. त्यांतून येणारा दुधाळ उजेड विकत घेऊ म्हटले तर मिळणार नाही. सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर त्या बाजूला कोणाला तरी धुतलेले पांढरे धोतर ताणून धरावयास सांगावे. उजेड त्यावरून परतून गालावर येतो आणि सावली राहते, पण तिच्यातला तपशील दिसू लागतो. धोतर जवळ आणले की उजेड वाढतो, दूर नेले की कमी होतो. एवढ्या दोन साधनांवर वर्षभर अभ्यास करता येईल.

संग्रहातील एका चित्राचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण त्यात महत्त्वाकांक्षा आहे. एक आजी हातात निरांजन घेऊन उभी आहे आणि केवळ त्याच उजेडात चित्र टिपलेले आहे. ते काढणाऱ्या मुलाच्या मनासमोर सावळाराम हळदणकर यांचे प्रसिद्ध चित्र असावे. हळदणकर (१८८२–१९६८) मूळचे सावंतवाडीचे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे त्यांचे जलरंगातील चित्र १९४५–४६ मधील असून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. पुष्कळ लोक अद्यापि ते राजा रविवर्म्याचे समजतात. हातात दिवा घेतलेली ती स्त्री म्हणजे चित्रकाराची कन्या गीता. दिव्यावर धरलेल्या तळहाताची बोटे उजेडाने आतून लाल झालेली आहेत, आणि तोच उजेड पुढे चेहऱ्यावर पोहोचलेला आहे.

मुलाच्या चित्रात चेहरा मात्र भेसूर झाला. का, ते पाहणे बोधप्रद आहे. त्याने निरांजन हनुवटीच्या थेट खाली, वीतभर अंतरावर धरावयास लावले. उजेड खालून वर गेला, नाकाची सावली कपाळाकडे चढली, आणि आपल्या डोळ्यांना सवय असलेला क्रम उलटा झाला. शिवाय दिवा फार जवळ असल्याने हनुवटी जळून पांढरी झाली आणि कपाळ काळोखात गेले. प्रकाशाचा एक नियम येथे ध्यानात ठेवावा. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की पडणारा उजेड एकचतुर्थांश उरतो. म्हणून दिवा अगदी जवळ असता हनुवटी आणि कपाळ यांच्यात फार मोठे अंतर पडते. तोच दिवा हातभर पुढे आणि छातीच्या वर धरला असता, तर हा फरक पुष्कळ कमी झाला असता. हळदणकरांच्या चित्रात दिवा आणि चेहरा यांच्यात अंतर आहे, आणि मध्ये तो तळहात आहे. ज्योत सरळ डोळ्यांत न खुपता चेहऱ्याकडे लक्ष जाते, ते त्या हातामुळे. नक्कल करताना मुलाने दिवा घेतला, हात सोडला. तरीही भिंतीवरील दहा निर्दोष आणि निर्जीव चित्रांपेक्षा हे फसलेले चित्र मला अधिक मोलाचे वाटते. त्याने निदान उजेडाविषयी काही विचार केला होता.

मांडणीचे दोष यापेक्षा ठळक आणि सुधारण्यास सोपे आहेत. आमच्या एका माजी कारभाऱ्यांच्या नेमक्या मस्तकातून दीपस्तंभ वर निघालेला आहे. पाहणारे हसत होते, आणि त्या गृहस्थांनीही ते खेळीमेळीने घेतले. पण दीपस्तंभ तेथे होताच. छायाचित्रकाराला तो दिसला नाही, कारण आपण डोळ्यांनी पाहतो तेव्हा मन नको ते वगळते. लेन्स काहीच वगळत नाही. म्हणून टिपण्यापूर्वी माणसाकडे पाहून झाल्यावर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. अर्धी मोटार, प्लास्टिकची खुर्ची, मागून जाणाऱ्या कोणाचा कोपर, विजेची तार, यांतील जे जे त्या माणसाविषयी काही सांगत नाही, ते गेले पाहिजे. बहुतेक वेळा आपण दोन पावले डावीकडे सरकलो तरी पुरते.

वगळावयाचे म्हणजे सारेच नव्हे. फुलेवालीचे चित्र मानेपाशी कापलेले आहे. तिचे हात त्यात नाहीत. ती बाई बोलताना, भांडताना, डुलकी घेतानासुद्धा फुले ओवीत असते. तिची ओळख निम्मी चेहऱ्यात आणि निम्मी बोटांत आहे. उलट एका पुरोहितांच्या चित्रात पायांतील वहाणांपासून छतावरील हंडीपर्यंत सर्व आले आहे आणि चेहरा नखाएवढा उरला आहे. काय ठेवावे याला ठराविक सूत्र नाही. या माणसास मी दुरून कशावरून ओळखतो, असे स्वतःला विचारावे, आणि जे उत्तर येईल ते चौकटीत ठेवावे.

उंचीचाही विचार पाहिजे. खाली बसलेल्या वृद्धांची चित्रे मुलांनी उभ्यानेच टिपली आहेत. त्यामुळे कपाळ मोठे, हनुवटी बारीक आणि नजर केविलवाणी झाली आहे. ज्यांच्यापुढे आपण वाकून नमस्कार करतो, त्यांच्याकडे चित्रात वरून पाहावे हे औचित्याला धरून नाही. जमिनीवर मांडी घालून बसावे आणि लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणावी. माणूस एका बाजूला पाहत असेल तर त्या बाजूला थोडी मोकळी जागा राहू द्यावी, नाही तर नजर भिंतीवर आदळल्यासारखी वाटते. डोळे चौकटीच्या मधोमध न ठेवता वरच्या तिसऱ्या भागाच्या आसपास ठेवले तर डोक्यावरचे निरर्थक रिकामे आकाश आपोआप जाते.

आणखी एक दोष मोबाइलच्या जवळिकीचा. चेहरा मोठा यावा म्हणून मुले अगदी जवळ गेली. जवळून पाहिले की जवळचा भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो, आणि चेहऱ्यात सर्वांत जवळ नाक असते. २०१८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, पाच फुटांवरून दिसणाऱ्या नाकापेक्षा बारा इंचांवरून टिपलेले नाक सुमारे तीस टक्के अधिक रुंद दिसते. तेव्हा निदान पाच-सहा फूट मागे सरावे आणि मोबाइलमध्ये दूरची लेन्स असेल तर ती वापरावी. नसेल तर मागूनच टिपून नंतर चौकट लहान करावी.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. या संग्रहातील कित्येक चेहरे मूळच्यापेक्षा गोरे आणि तुळतुळीत झाले आहेत. याला कारणे दोन. पहिले यंत्राचे. कॅमेऱ्याचे माप समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करडे धरून चालते. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस बसवला की ते चित्र गडद करून चेहरा काळवंडते, आणि अंधाऱ्या मंडपात सगळेच उजळून चेहरा फिका करते. यावर उपाय म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून माप तेथलेच घ्यावयास लावणे आणि मग उजेड हाताने कमीअधिक करणे. दुसरे कारण माणसाचे आहे. पूर्वीचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवीत. आज तेच काम मोबाइल न सांगता करतो, आणि मुलांनी ते बंद केले नाही. त्यात त्यांना अपमान करावयाचा नव्हता, उलट आजी सुंदर दिसावी अशीच इच्छा होती. परंतु सुंदर म्हणजे गोरे आणि सपाट, ही समजूत त्यांनी तपासून पाहिली पाहिजे. आपला देव काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याच्या मुखाइतके देखणे दुसरे काही नाही, असे आपण मानतो. मग फुलेवालीच्या सावळ्या गालाला कोणाची लाज?

नियमांनी का कधी कला होते, असा आक्षेप येथे अपेक्षित आहे. त्याला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचे उदाहरण देतो. या बाईचा जन्म १८१५ साली कलकत्त्याचा. तिला पहिला कॅमेरा मुलीने आणि जावयाने १८६३ च्या अखेरीस भेट दिला, तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कोंबड्यांचे खुराडे काचा लावून तिने स्टुडिओ म्हणून वापरले. तिची चित्रे धूसर असत, काचांवर डाग असत, आणि त्या काळच्या छायाचित्रणाच्या पत्रांनी तिच्यावर सडकून टीका केली. पण १८६७ साली तिने टिपलेले ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांचे मुख पाहावे. काळोखातून उगवणारे ते पांढऱ्या केसांचे मस्तक एका बाजूच्या उजेडात असे काही उभे आहे, की डागांकडे लक्षच जात नाही. तिने रेखीवपणाचा नियम मोडला, परंतु उजेडाची दिशा आणि अनावश्यक ते वगळण्याचा निश्चय ही दोन पथ्ये तिने सोडली नाहीत. कोणता नियम मोडता येतो आणि कोणता नाही, हे तिच्याकडून शिकता येते. आमच्या मुलांना हेही सांगावेसे वाटते, की तिला कोणी नवशिकी म्हणून सूट दिली नव्हती.

शेवटी त्या भिंतीवरील एका चित्राविषयी. ते मुद्दाम राखून ठेवले होते. पंधरा वर्षांच्या एका मुलीने नगारखान्यात चढून आमच्या वृद्ध चौघडेवाल्यांचे चित्र टिपले आहे. नगारखान्याची खिडकी लहान आहे, उजेड एकाच बाजूने येतो. त्यांच्या चेहऱ्याचा अर्धा भाग उजळलेला आहे, अर्ध्यावर सावली आहे, आणि त्या सावलीतही डोळ्यात खिडकीचा एक बारीक कवडसा चमकतो. हातात नगाऱ्याच्या काठ्या आहेत, त्या वाजत नाहीत, नुकत्याच थांबलेल्या आहेत. उजवीकडची निम्मी चौकट रिकामी आणि काळोखी आहे, आणि ते तिकडेच पाहत आहेत. डाव्या हाताची दोन बोटे चौकटीबाहेर कापली गेली, हा दोष आहे आणि तो तिला सांगितला पाहिजे. मी तिला विचारले, की एवढ्या अंधाऱ्या जागी जावेसे का वाटले? ती म्हणाली, ‘‘आजोबा तिथेच असतात ना. मी दोन दिवस नुसती बसले होते. सकाळी आठला खिडकीतून उजेड त्यांच्यावर येतो, ते दिसलं.’’ सगळ्या संग्रहात ज्याची उणीव होती ते या उत्तरात सापडले. इतरांनी एका दुपारी सहा-सहा माणसे उरकली होती. हिने दोन दिवस एका माणसाकडे पाहिले.

जत्रेनंतर महिन्याभरात ते चौघडेवाले गेले. त्यांच्या घरच्यांनी लग्नातील, सहलींतील, सत्कारांतील अनेक रंगीत चित्रे बाजूला ठेवून भिंतीवर लावण्यासाठी हेच मागून नेले. बाराव्याला मी गेलो होतो. त्यांचा लहान नातू चित्राजवळ जाऊन त्या काठ्यांवर बोट ठेवीत होता. त्याला ते चित्र पुढे आयुष्यभर पुरेल.

त्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे, की भिंतीवरची चित्रे उतरवून गठ्ठा बांधून ठेवू नका. कोणती पुन्हा काढावयाची त्याची यादी करा. फुलेवाली बाई रोज सकाळी देवळाच्या दाराशी डाव्या हाताच्या ओट्यावर बसते. आठच्या सुमारास प्राकाराच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड तिच्या उजव्या गालावर येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. फ्लॅश बंद ठेवा, ओट्याखाली मांडी घालून बसा, तिची बोटे चौकटीत घ्या, आणि पहिला अर्धा तास काही टिपू नका. चित्र झाले की ते तिलाच आधी दाखवा. तिने ‘ही हांव’ म्हटले की मगच भिंतीवर लावा.